उड्डाणास अपात्र

आमच्या कॉलनीतून डॉक्टरकाकांनी तपासल्याशिवाय कुणी नाशिकबाहेर गेल्याचं मला आठवत नाही. काका सैन्यात डॉक्टर होते. सीमेवर जवानांच्या भेगाळलेल्या टाचा बांधता बांधता ते विमान उडवणाऱ्यांच्या प्रकृतीचं शास्त्र शिकले आणि आज कोण उडणार, कोण खाली बसणार, हे रोज सकाळी ठरवू लागले. साधी सर्दी झालेल्या वैमानिकालाही ते जमिनीवर ठेवत; वर हवेचा दाब बदलला की तुंबलेले कान असे ठणकतात, की माणसाला पुढचं सुचत नाही. निवृत्तीनंतर विमानं सुटली, सवय सुटली नाही. ज्याच्या हातात गाडीची किल्ली, तो त्यांच्या लेखी वैमानिक. "झोप झाली? पोटात काही आहे? घरी भांडून निघालास का?" या तिसऱ्या प्रश्नाला निम्मी कॉलनी नापास होते. सुरगाण्याहून तांदूळ घेऊन आलेल्या जीपवाल्याची नाडी त्यांनी फाटकातच धरली. "डाक्टर, जीप हाय ही, इमान नाय," तो वैतागला. "विमानाला म्हशी आडव्या येत नाहीत," असं म्हणून काकांनी त्याला स्वतःच्या ओट्यावर तासभर झोपवलं आणि चहा पाजून सोडलं.

दर रविवारी काका स्वतः गाडी चालवत दिंडोरीला थोरल्या बहिणीकडे जायचे. आक्का अंथरुणाला खिळलेल्या. भावंडांत आता ही दोघंच उरलेली. गेल्या वर्षी फाटकाशी काकांना क्षणभर चक्कर आली. कुणी पाहिलं नव्हतं. तरी त्यांनी येऊन किल्ली माझ्या हातात ठेवली. "मी अनफिट." तेव्हापासून गाडी मी चालवतो, अर्थात तपासणी होऊनच.

परवाच्या रविवारी मला सर्दी होती. मी तोंडाने श्वास घेत गेलो.

"नाक ओढून दाखव."

"काका, दिंडोरीच्या रस्त्यावर कसला आलाय हवेचा दाब?"

काकांच्या हातात आक्कांसाठी केलेल्या शिऱ्याचा डबा. भाड्याच्या गाडीचा प्रश्नच नव्हता. तसला एकही ड्रायव्हर त्यांनी अजून पास केलेला नाही. मला वाटलं, आज तरी सोडतील. त्यांनी डबा गाडीच्या टपावर ठेवला आणि फोन लावला. आक्कांना कमी ऐकू येतं, म्हणून काका ओरडूनच बोलतात आणि स्पीकर चालू ठेवतात.

"आक्का, आज येणं होत नाही. पायलट अनफिट आहे."

"मग तू चालव की!"

"मी तर त्याच्याही आधीचा अनफिट."

आक्का म्हणाल्या, "बरं. पुढच्या रविवारपर्यंत मी असेन."

तो शिरा आम्ही दोघांनी गाडीला टेकून खाल्ला. सर्दीमुळे मला चव लागली नाही. काकांनाही लागली नसावी.