कोटाची लेयर

बी.कॉम. झाल्यावर आपल्याला शिकवायला कुणी उरलेलं नाही, अशी माझी ठाम समजूत होती. त्यामुळं परंड्यात बसस्टँडजवळच्या फ्लेक्सच्या दुकानात मी शिकायला गेलो, तो दुकानावर उपकार करायलाच. मालकांना सगळे उस्ताद म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला लेयर समजावल्या.

"एकीवर एक ठेवलेल्या काचा समज. वरच्या काचंवर काय बी रंगव, खालची कोरीच ऱ्हाती. फकस्त असल फोटोला हात लावायचा न्हाय. आधी डुप्लिकेट लेयर, मग काय तमाशा करायचा तो कर."

मी मान डोलवली. एवढ्याशा गोष्टीला इतकं लेक्चर कशाला, असं मनात म्हणालो.

महिन्याभरात वाढदिवसाच्या बॅनरवर माझा हात बसला. मधोमध भावी आमदार, खाली शुभेच्छुकांची मुंडकी, प्रत्येकाची लेयर वेगळी. एखाद्याचं मुंडकं शेजारच्यापेक्षा बोटभर लहान झालं की सगळी आळी दुकानात हजर. श्रद्धांजलीच्या बॅनरला तो ताप नसायचा. आमच्याकडं माणूस जन्मभर बनियनवर ढोरांमागं हिंडला तरी गेल्यावर त्याच्या अंगावर कोट-टाय चढतोच. दुकानात एक निळा कोट तयार होता, वर नुसतं मुंडकं बसवायचं. त्या एका कोटात मी निम्मा तालुका स्वर्गात धाडला.

एक दिवस जवळच्या खेड्यातली साठीची एक बाई आली. नवऱ्याचं वर्षश्राद्ध होतं. तिनं मोबाइलमधलं मेमरी कार्ड काढून दिलं. त्यात त्या दोघांचा एकच फोटो होता, कुणाच्या तरी लग्नातला, मागं पाहुण्यांची गर्दी. फोटोवाल्यानं बळंच नवऱ्याचा हात तिच्या खांद्यावर ठेवायला लावलेला, त्यामुळं दोघंही लाजलेले.

"ह्यास्नी एकट्याला घ्या बॅनरवर," ती म्हणाली.

उस्ताद नमाजाला गेले होते. म्हणजे दुकानात हुशार माणूस मी एकटाच. फोटो थेट कार्डावरूनच उघडला. डुप्लिकेट लेयर नवशिक्यांसाठी असते, आपल्यासाठी नाही. फोटोतली बाई पुसून टाकली, नवऱ्याला कोट चढवला, सगळ्या लेयर एकत्र केल्या आणि त्याच नावानं सेव्ह करून फाईल बंद केली. दहा मिनिटांत काम फत्ते.

बाई कोटातल्या नवऱ्याकडं बघत राहिली. "सायबच दिसायलेत," म्हणाली. मग तिनं सहज विचारलं, "आमचा जोडीचा फोटू हाय न्हवं कार्डात?"

मी कार्ड उघडलं. कार्डात कोट होता. जोडी नव्हती.

तेवढ्यात उस्ताद आले. त्यांनी तासभर खटपट केली, पुसलेलं काही परत येईना. दुसऱ्या कुणाकडं तो फोटो आहे का, असं बाईला विचारलं. नव्हता. उस्तादांनी मला शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "सांग बाईला."

सांगितलं. लाजेनं मान वर होत नव्हती. बाईनं कार्ड परत मोबाइलमध्ये घातलं. मग पदर सावरून म्हणाली, "मग मला परत बशीव त्यांच्याशेजारी."

स्टुलावर बसवून मी तिचा फोटो काढला. या वेळी आधी डुप्लिकेट घेतली, कोट उतरवला, लग्नातल्या दुसऱ्या एका पाहुण्याचा शर्ट त्यांना घातला. तिला नव्या लेयरवर त्यांच्याशेजारी बसवलं. खांद्यावरचा हात काही मला आणता आला नाही. ती स्क्रीनजवळ आली आणि तिनं फोटोतल्या आपल्या कोऱ्या कपाळावर बोट ठेवलं.

"हितं कुंकू लाव."

मी उस्तादांकडं बघितलं. ते खाली बघत होते.

"फोटूत ते जित्ते हायती न्हवं?" बाई म्हणाली.

मी आणखी एक लेयर घेतली आणि लाल टिकली काढली.

"जरा मोठं कर. त्यास्नी मोठं आवडायचं."