समीक्षाचा हिरवा कागद

समीक्षा मढवी विद्यापीठात फोटोग्राफीची मोठी पदवी घेते आहे, हे शीळफाट्याजवळच्या तिच्या गावात सगळ्यांना माहीत होतं, पण पटलं मात्र कुणालाच नव्हतं. "फोटो तर तुना पहिल्यापासून काढता येतात," शेजारची गंगुबाई म्हणायची, "मंग दोन वरसं तिथं शिकवतात तरी काय?"

गंगुबाईचंही काही चुकत नव्हतं. ठाण्याच्या कॉलेजातून बी.ए. झाल्यावर समीक्षाने तीन वर्षं हळदी, साखरपुडे, बारशी यांचे फोटो काढले होते. पंचक्रोशीत तिचं नाव होतं. मग कुठेतरी जाहिरात वाचून तिने एम.एफ.ए.चा अर्ज भरला, मुलाखत दिली आणि सव्विसाव्या वर्षी दोन बॅगा घेऊन हॉस्टेलवर राहायला गेली.

विद्यापीठ एवढं मोठं होतं की गेटापासून तिच्या विभागापर्यंत जायला विद्यापीठाचीच बस होती. वर्गात सगळे इंग्रजी बोलायचे. एकेका फोटोवर अर्धा अर्धा तास. समीक्षाचं शिक्षण मराठी शाळेतलं. तिला समजायचं सगळं, पण उत्तर जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. पहिल्या महिन्यात तिने वर्गाच्या भिंतीवर आपले हळदीचे फोटो लावले. शिकवणाऱ्या विनिता मॅडमनी एकेक फोटो बघितला आणि त्या म्हणाल्या, "फोटो चांगले आहेत. पण हे सगळे कॅमेऱ्यासाठी बसलेत. कॅमेरा नसतो तेव्हा ही माणसं कुठे असतात?"

समीक्षाला इंग्रजी सुचेना. ती मराठीतच म्हणाली, "मागच्या दारी."

मॅडम मूळच्या ठाण्यातल्या, वर्तकनगरच्या. त्यांना ते लगेच कळलं. "मग तेच कर," त्या म्हणाल्या.

मागचं दार म्हणजे काय, ते गावात गेल्याशिवाय कळायचं नाही. गावात आता तीन तीन मजली बंगले आहेत. पुढे ग्रॅनाइटच्या पायऱ्या, आत सोफा. पण घरातली म्हातारी त्या सोफ्यावर टेकत नाही. ती बंगल्याच्या मागे चूल मांडून बसते. तिथेच तिचा पाटा, तिथेच धुण्याचा दगड, तिथेच सुकत घातलेले बोंबील. या बायका तरुणपणी खाडीवरच्या मिठागरात राबलेल्या. मिठागर गेलं, शेतं गेली, मुलांचे बंगले उभे राहिले आणि या मागच्या दारी राहिल्या. समीक्षाने अशा पाच जणींचे दीड वर्ष फोटो काढले. सुट्टी मिळाली की गावी यायचं, त्यांच्याबरोबर मासळी साफ करत बसायचं आणि मध्येच हात धुऊन कॅमेरा घ्यायचा. या पाच जणींची म्होरकी होती शेवंती. समीक्षाची सख्खी आत्या, वडिलांची मोठी बहीण. ती गावातच दिलेली. ती हो म्हणाली की बाकीच्या चौघी हो म्हणत.

शेवटच्या सत्रात विद्यापीठाने एक फॉर्म दिला. ज्यांचे फोटो प्रदर्शनात लावायचे, त्या प्रत्येकाची संमती हवी. संमती नसेल तर फोटो लागणार नाही, आणि प्रदर्शनच नसेल तर पदवीही नाही. मुदत अकरा दिवसांची.

समीक्षाला त्यात काही अवघड वाटलं नाही. फक्त फॉर्म इंग्रजीत होता आणि तिला तो नीट मराठीत हवा होता, चार लोकांत दाखवण्यासारखा. म्हणून ती ठाण्याला गेली आणि कोर्टासमोर बसणाऱ्या एका टायपिस्टला मजकूर सांगितला. त्या गृहस्थांची उभी हयात एकाच साच्यातले कागद टाइप करण्यात गेलेली. त्यांनी हिरवा, लांब कागद घेतला. वरती "लिहून देणार" आणि "लिहून घेणार" घातलं, मध्ये समीक्षाचा मजकूर आणि शेवटी आपल्या सवयीने एक ओळ: "यावर माझा अथवा माझ्या वारसांचा यापुढे कोणताही हक्क राहणार नाही." समीक्षाने वाचलं. तिला ते भारदस्तच वाटलं. येताना तिने अंगठ्यासाठी निळं शाईचं पॅडही घेतलं.

शेवंती चुलीपुढे तांदूळ निवडत होती. समीक्षाने कागद पुढे केला. शेवंतीला वाचता येत नाही. तिने हात पुसले, कागद बोटांत धरून नुसता चाचपला, मग पॅडकडे बघितलं आणि कागद परत दिला.

"यो कागुद मी वलखतंय."

"आत्या, अगं हा फोटोंचा कागद आहे."

"तवा बी तुझा बापूस असाच बोलला व्हता. नुसता नावं लावाचा कागुद हाय, बोलला. मी चुलीपुढंच बसली व्हती. अंगठा दिला नि परत तांदूल निवडाय लागली."

समीक्षा तेव्हा चौदा वर्षांची होती. तिला एवढंच आठवत होतं की त्या वर्षी रस्त्यासाठी जमिनी मोजल्या होत्या. हक्कसोड म्हणजे काय हे तिला कळायचं वय नव्हतं. गावातल्या कितीतरी बहिणींनी भावांना असे जमिनीवरचे हक्क सोडून दिलेत, काहींनी समजून, काहींनी न समजता. आपल्या घरातही तेच झालंय, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"तुझ्यावं राग नाय," शेवंती म्हणाली. "फोटो काढ किती पन. अंगठा नाय देनार."

संध्याकाळपर्यंत बाकीच्या चौघींनी नकार दिला. गंगुबाई तर दारातूनच म्हणाली, "फोटो चांगले गो बाय तुझे. पन हिरव्या कागदाव माझा नवरा फसला, दीर फसला. आता मी एकटी उरलीय, मना तरी सोड."

समीक्षा घरी आली तेव्हा वडील, महिपत, जेवायला बसले होते.

"बाबा, आत्याला तो कागद वाचून दाखवला होता का?"

महिपतनी घास तसाच ठेवला. कुठला कागद, असं काही विचारलं नाही. "सगले भाऊ तसंच करतात," ते म्हणाले. "वाचला असता तरी तिला काय कलनार व्हता?"

"मग वाचायचा होता ना."

ते हात धुवायला उठले. सकाळी गावदेवीच्या देवळात जाऊन ती नुसतीच बसून राहिली. देवीकडे मागायचं तरी काय? पदवी दे म्हणावं, तर आत्याचा अंगठा मागितल्यासारखं होत होतं. तिने नमस्कार केला, ओटा झाडला आणि बाहेर येऊन मॅडमना फोन लावला.

सगळं ऐकून मॅडम आधी हसल्या. "कोर्टासमोरच्या टायपिस्टकडून? अगं, तो लग्नपत्रिकासुद्धा 'लिहून देणार' म्हणूनच सुरू करेल." मग गंभीर झाल्या. "हे बघ, सही लागतेच असं नाही. तोंडी संमती रेकॉर्ड केली तरी चालते, फॉर्मच्या मागे लिहिलंय. पण मजकूर त्यांच्या भाषेत पूर्ण वाचून दाखवलेला दिसला पाहिजे. आणि वाचणारी तू नकोस, दुसरं कुणीतरी हवं. म्हणजे तू दबाव आणला असं होत नाही."

फॉर्मच्या मागे. समीक्षाने दोन्ही पानं टायपिस्टला वाचून दाखवली होती, पण ती उलटून मात्र बघितली नव्हती.

तिने वहीचा कागद घेतला आणि बोलतात तशा मराठीत पाच वाक्यं लिहिली. मग ती शेवंतीकडे गेली. पॅड घरीच ठेवलं.

"चुकले आत्या. तो कागद फाडला. आता अंगठा नको, सही नको. नुसतं तोंडाने सांगायचं, तेही पटलं तर."

शेवंतीने तिला बसायला पाट दिला. मग चुलीत लाकडं सारली.

"आधी फोटो दाखव सगले. मंग सांगन. नि जे काय बोलाचा तो गावदेवीसमोर. तिथं दिलेला शबूद मोडत नाय कोन. वाचनार कोन?"

"वाचनालयातल्या समिधाताईंना सांगते."

"नको. महिपत वाचंल."

समीक्षाने हे घरी सांगितलं तेव्हा महिपत अंगणात गाडी पुसत होते. ते पुसतच राहिले. दोन दिवस त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मुदतीतले सहाच दिवस उरले. समीक्षाला वाटलं, बारगळलंच आता. दुसरा विषय घ्यायचा तर वर्ष जाणार, आणि इतकं मनापासून काही करायला तिच्याकडे दुसरा विषयही नव्हता.

मंगळवारी सकाळी महिपत दाढी करून, पांढरा सदरा घालून बाहेर आले. हातात नारळ होता. "चल," म्हणाले.

महिपतनी रात्रीच बहिणीला निरोप धाडला होता. देवळात पाचही जणी आधीच येऊन बसल्या होत्या. समीक्षाने सतरंजीवर फोटो मांडले. आधी कुणी हात लावेना. मग गंगुबाईने एक उचलला.

"सखू, तू तं पोलिसानी पकडल्यासारखी बसलीस यात."

"तू नि मंग?" सखुबाई म्हणाली. "बोंबलासारखा तोंड केलंस."

मग सगळ्या हसल्या आणि फोटो हातोहात फिरू लागले. शेवंती एकेक फोटो उजेडाकडे धरून बघत होती. एका फोटोपाशी ती थांबली. कोमट पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून ती एकटी बसलेली, टाचांच्या भेगांत मिठागराची सगळी वर्षं, डोळे मिटलेले. समीक्षाच्या कामातला हा सगळ्यात चांगला फोटो होता. मॅडमनी तो निमंत्रणपत्रिकेसाठी निवडला होता.

"यो नको."

समीक्षा पुढे सरकली. "का ग आत्या?"

"पदर बघ कुठं हाय. बाकी सगले ने. यो नको."

समीक्षाने वाद घातला नाही. फोटो तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "हा तुझा. कॉम्प्युटरमधलाही आजच काढून टाकते." शेवंतीने फोटोची घडी घातली आणि कमरेला खोचली.

समीक्षाने कॅमेरा चालू करून बाजूला ठेवला. महिपत उभे राहून वाचू लागले. त्यांना वाचायची सवय नाही, शब्दाशब्दाला अडत होते. "हा फोटो माझा आहे. तो लोकांना दाखवायला मी समीक्षाला देते आहे. माझं मन बदललं तर मी तो परत मागू शकते. त्यासाठी कारण सांगायची गरज नाही." पाचव्या वाक्यापाशी ते थांबले.

"थांबलास का?" शेवंती म्हणाली. "पूरा वाच."

"हे मला..." त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "हे मला सगळं वाचून दाखवलं आहे, आणि मला समजलं आहे."

महिपतनी कागद खाली केला.

"शेवंते, तवा बी वाचाया पायजे व्हता मी."

"हां," शेवंती म्हणाली. "पायजे व्हता."

एवढंच. जमिनीचं नाव कुणी काढलं नाही, ती परत येणारही नव्हती. शेवंती कॅमेऱ्याकडे वळली, पदर नीट केला आणि आपलं पूर्ण नाव सांगून म्हणाली, "वाचलेला मना समजला. माझी हरकत नाय." मग गंगुबाई, मग सखुबाई, मग उरलेल्या दोघी. महिपतनी नारळ फोडला. खोबरं वाटताना पहिला तुकडा त्यांनी बहिणीच्या हातावर ठेवला.

प्रदर्शनाच्या दिवशी विद्यापीठात परीक्षक तिघे आले होते. त्यांतल्या एका वयस्क बाईंनी संमती बघायला मागितली. समीक्षाने व्हिडिओ लावला आणि त्यात काय चाललंय ते मोडक्या इंग्रजीत सांगत गेली. महिपत थांबले, त्या ठिकाणी बाईंनी हात वर करून तिचं बोलणंही थांबवलं. शेवटपर्यंत बघितलं. मग इतकंच विचारलं, "विनिता म्हणाल्या, निमंत्रणपत्रिकेवरचा फोटो ऐनवेळी बदललास?" समीक्षा हो म्हणाली. कारण विचारलं, तेही तिने सांगितलं, या वेळी न अडखळता. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

चार वाजता निकाल कळला. समीक्षा विभागाच्या पायरीवर येऊन बसली. दोन वर्षं खांदे किती आवळून धरले होते, ते सैल पडल्यावर तिला कळलं. तिने वडिलांना फोन लावला, पण तो उचलला शेवंतीने.

"बोल गो. झाला का?"

"झाला आत्या. पास."

"पास झाली रे," आत्याने कुणालातरी सांगितलं. मागून महिपतचा आवाज आला, चहात साखर किती घालू म्हणून. "मना कमी घाल, किती येला सांगू तुला," ती त्यांच्यावर डाफरली आणि परत फोनवर आली. "जेवलीस का नाय?"

समीक्षा सकाळपासून जेवली नव्हती. खरंच भूक लागली होती. फोन ठेवून ती उठली आणि कँटीनच्या दिशेने चालू लागली. विद्यापीठाची बस समोरून येत होती. आता कसलीच घाई नव्हती. तिने ती जाऊ दिली.