डिझेल न जाळता तापलेलं पाणी

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही... म्हणजे नव्हता. सातपूरला माझं बॉयलर दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप आहे. जाळ लावल्याशिवाय पाणी तापत नाही, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगायचो.

नाशिकजवळच्या एका तुरुंगात (नाव विचारू नका) म्हाताऱ्या कैद्यांच्या बराकीमागे आंघोळीच्या पाण्यासाठी डिझेलवरचा बॉयलर आहे. मागच्या डिसेंबरात त्याचा बर्नर गेला. सकाळी जाऊन मी बर्नर खोलला, हातात घेतला – आणि पलीकडे म्हातारे वाफाळत्या पाण्याने आंघोळ करतायत! बॉयलर गार, पाइप मात्र चटका बसेल इतका गरम. वर बाभळीच्या धुराचा वास. तिथली लाकडाची भट्टी तर केव्हाच पाडलेली.

दुसरी लाइन, लपवलेला हीटर, सोलर... सगळं शोधलं. काही नाही. बराकीतले पेठ तालुक्याकडचे एक म्हातारे कैदी, गोविंदबाबा, त्यांना विचारलं. ते म्हणाले, पूर्वी भट्टीवर सखाराम नावाचा कैदी होता, म्हाताऱ्यांना गार पाण्यात बोट बुडवू द्यायचा नाही. शिक्षा संपायच्या आधीच तो इथे वारला. मी वैतागलो. मला पाइपचा पत्ता हवा होता, मेलेल्या माणसाचा नाही.

बर्नरचा पार्ट यायला थंडी सरली. तोवर पाणी रोज तापत होतं. आता ऑफिसची अक्कल बघा – पाणी तापतं कसं, हे एकानेही विचारलं नाही. डिझेल वाचलं म्हणून सगळे खूश! आणि सरकारी रीत अशी की यंदा वापरलं नाही तर पुढच्या वर्षी मिळत नाही. त्यामुळे पुढच्या थंडीचं डिझेल मंजूरच झालं नाही. मी घसा फोडून सांगितलं, अहो, हे कधीही बंद पडेल. तिथले साहेब शांतपणे म्हणाले, "मग कशाने तापतं ते लिहून द्या."

काय लिहून देणार, कपाळ?

या थंडीत बर्नर चकाचक आहे, टाकीत डिझेल नाही. आणि पाइप थंडगार. तेव्हा का तापत होता, आता का थांबला, मला आजही सांगता येत नाही. नुसता संताप होतो. परवा गेलो तर गोविंदबाबा कुडकुडत अंगावर गार पाणी घेत होते. मी ऑफिसात भांडायला निघालो, तसा त्यांनी माझा हात धरला.

"राहू द्या भाऊ," ते म्हणाले. "आमचं काय, नाय मिळालं तर नाय. त्या सखारामची तरी शिक्षा संपली आसंल."