गोजाबाईची उरलेली भाकरी

पिंपरीच्या गावठाणात गोजाबाईच्या हातची शिळी भाकरी नावाजलेली होती. हसू नका. ताजी भाकरी कुणालाही जमते. रातची उरलेली सकाळी माणसानं आवडीनं खावी, याला हात लागतो. उरल्या पिठल्यात कांदा चिरून ती ते पुन्हा परतायची, आमटी आटवून भाकरीला लावायची, काहीच नसलं तर भाकरी कुस्करून लसणाची फोडणी द्यायची. कोंड्याचा मांडा करणारी बाई! फडक्यात बांधलेली ती न्याहारी ओढ्यापलीकडच्या शेतात जायची, आणि तिचा नवरा आबाजी बांधावरच्या म्हसोबापुढं पहिला घास टाकून मगच तोंडाला लावायचा. त्याच्या बापानं तेच केलं, आज्यानंही तेच.

मग शेत कारखान्यात गेलं. छप्पन्न साली तिथं बाटल्यांची कंपनी उभी राहिली, म्हसोबाचा धोंडा गोदामाच्या मागच्या भिंतीच्या पायाखाली गाडला गेला, आणि आबाजी आपल्याच शेतावरच्या गोदामात खोकी उचलायला लागला. तेही बदलीवर, कुणी गैरहजर असलं तरच. हे काम गेलं तर पुढं अंधार. बैल विकलेले, पोरगी सासरी, आणि या वयात त्याला दुसऱ्या दारात कोण उभं करणार? उपाशी माणूस ओझ्याखाली एकदा बसला की मुकादम दुसऱ्या दिवशी दुसरा गडी घेतो, हे गोजाबाईला ठाऊक होतं. म्हणून तिनं एकच धरलं होतं, याचं पोट रिकामं राहता कामा नये.

फडकं गेलं, जर्मनचा डबा आला. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? घरची ज्वारी होती तेव्हा दुरडीत चार भाकऱ्या उरायच्या, कुत्र्यालाही एक जायची. विकतच्या पिठात काय उरतंय, कपाळ! रातच्याला तीन भाकऱ्या व्हायच्या. दोन आबाजी जेवायचा, तिसरी गोजाबाईची. बाईमाणसानं मागनं जेवायचं ही तर रीतच. नवरा हात धुऊन ओट्यावर जाऊन बसला की चुलीपुढं बाई काय जेवली, हे कुठला पुरुष बघतो? गोजाबाई आमटीचं पाणी प्यायची आणि आपली भाकरी दुरडीत झाकून ठेवायची. दिवसा कुणाचं दळण-कांडण केलं तर मूठभर शेंगा मिळायच्या, त्यावर भागवायची. सकाळी वर नाक उडवून म्हणायची, कालची उरलीय, नेऊन टाका एकदाची.

आबाजी न्यायचा. आणि काय म्हणावं या माणसाला, गोदामामागच्या भिंतीशी बसून पहिला घास भिंतीच्या बुडातल्या फटीत टाकायचा. आधी तो घासच होता. मग कामाचे खाडे पडायला लागले, आठवड्यातून दोनदा फाटकावरूनच परत यावं लागायला लागलं. त्याच्या मनानं घेतलं की भिंतीखाली देव उपाशी आहे, म्हणून कोपलाय. घासाचा चतकोर झाला, चतकोराची अर्धी. अर्धी भाकरी देवाला घालायची आणि उरलेल्या अर्धीवर दिवसभर खोकी वाहायची. इकडं गोजाबाई विचार करायची, मेलं अन्न याच्या अंगी का लागत नाही?

देवाला पोचलं का नाही कोण जाणे, उंदरांना नेमकं पोचलं. गोदामातली पुठ्ठ्याची खोकी त्यांनी कुरतडून ठेवली. गोदामाचे साहेब नानासाहेब यांनी मागची भिंत तपासली, तर फटीत भाकरीचे तुकडे आणि वर मुंग्यांची रांग. आबाजीनं लपवलं नाही, म्हसोबाचं आहे म्हणाला. नानासाहेब ओरडलेही नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुमचा देव खरा असेल, पण वरच्यांना मी काय सांगू? उद्यापासून येऊ नका.

भर दुपारी आबाजी घरी आला. न उघडलेला डबा चुलीपाशी ठेवून त्यानं सगळं सांगितलं. गोजाबाईनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं केला. पाणी पिऊन त्यानंच डबा उघडला, भाकरी मोडली आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तिला म्हणाला की माझ्याबरोबर बस, खा.

गोजाबाई नको म्हणायचं विसरली. घास नीट चावायच्या आत गिळत होती, सांडलेला चुरा बोटानं टिपत होती. आबाजीचा हात थांबला. तो मूर्ख नव्हता, त्यानं फक्त कधी बघितलं नव्हतं.

"किती दिसांपास्नं?" त्यानं विचारलं.

"उरायची न्हाई वो," ती म्हणाली, "उरवाया लागायची."

त्यानं हातातला तुकडा डब्यात परत ठेवला.

"म्हंजी तुझ्या तोंडची भाकरी मी उंदरास्नी घातली."

तिला त्याचा राग आला नाही, रडूही आलं नाही. पोटातली भूक तेवढी कळत होती, आणि त्या भुकेचीच तिला लाज वाटली.

संध्याकाळी तिनं पीठ झाडून काढलं आणि सवयीनं तीन भाकऱ्या थापल्या. दोघं समोरासमोर बसून एकेक जेवले. तिसरी मध्ये राहिली. तो म्हणाला तू खा, ती म्हणाली तुम्ही खा, आणि भाकरीला कुणीच हात लावेना. शेवटी गोजाबाईनं ती दुरडीत झाकून ठेवली.

सकाळी भाकरी खरोखरच उरली होती, आणि डबा घेऊन कुणाला कुठं जायचं नव्हतं.