खारींची वाट आणि टेस्टरताई

हाडांच्या त्या इस्पितळात तिला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. अंबाड्यात कायम टेस्टर खोचलेला, म्हणून ती डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची टेस्टरताई. वडिलांच्या दुकानात मोटारींचं वाइंडिंग करता करता ती वायरमनचं काम शिकली होती. नोकरीच्या मुलाखतीत एका साहेबांनी विचारलं होतं, "शिडीवर चढता येईल का तुम्हाला?" ती म्हणाली, "येईल की. तुम्ही खालून धरणार असाल तर सांगा, नाहीतर भिंतीला टेकवते." साहेबांना हसू आवरेना. नोकरी मिळाली, त्याला आता एकोणीस वर्षं झाली होती.

वर्षअखेरीच्या लांब सुट्टीत इस्पितळ निम्मं रिकामं व्हायचं. उरायची ती पायाला वजनं लावलेली, कमरेत सळ्या घातलेली, कुशीवर वळायचं तरी सिस्टरला हाक मारावी लागणारी माणसं. त्यांच्यासाठी टेस्टरताई अंगणातल्या चार झाडांवर दिव्यांच्या माळा लावायची. वॉर्डाच्या खिडक्या अंगणाकडेच उघडत. संध्याकाळी दिवे लागले, की वॉर्डातलं कण्हणं जरा कमी होतं असं सिस्टर सांगायच्या.

त्या वर्षी तिसऱ्याच दिवशी ती सकाळी कामावर आली, तर सिस्टर दारातच उभ्या. "ताई, काल निम्मं अंगण अंधारात होतं हो."

झाडाखाली हिरव्या प्लॅस्टिकचा चुरा पडला होता, कुणी नखं कापून टाकावीत तसा. माळेवर जागोजागी दातांच्या जोडखुणा, आतली तांब्याची तार उघडी. माळा बारा व्होल्टवर चालायच्या, त्यामुळे त्यांचं तिला फारसं काही वाटलं नाही. पण ट्रान्सफॉर्मरपर्यंत येणारी जाड वायर पूर्ण दाबाची, दोनशे तीस व्होल्टची होती आणि तीही एका जागी कुरतडलेली दिसली. याच अंगणात पोरं चाकाच्या खुर्च्या पळवायची. तिनं आधी मेन बंद केला, मगच पुढचा श्वास घेतला.

देखरेखीचे साहेब आले, वर बघितलं, खाली बघितलं. "उंदराचं औषध टाका सगळीकडे."

"खारी आहेत साहेब. आणि औषध खाऊन त्या मरणार कुठं, हे आपल्या हातात नाही. शिवाय इथं लहान मुलं खेळतात."

"मग यंदा रोषणाई राहू द्या. तेवढीच एक डोकेदुखी कमी."

"दोन दिवस द्या मला," ती म्हणाली. साहेबांनी दिले. नाही दिले तरी ती ऐकणार नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं.

पहिला दिवस तिनं अक्षरशः तिखटात घालवला. साबणाच्या पाण्यात लाल तिखट कालवून माळांना फासलं. डोळे चुरचुरले, हातांची आग आग झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दवानं सगळं धुऊन निघालेलं! एक खार तर त्याच फांदीवर बसून निवांत मिशा साफ करत होती.

"अहो टेस्टरताई, ते तिखट स्वयंपाकघरात परत द्या!" खिडकीतून आवाज आला.

ते कंट्रोलर आजोबा होते. बसडेपोत आयुष्यभर गाड्यांच्या वेळा लिहिलेला माणूस. खुब्याचं हाड मोडून पाच आठवडे खाटेवर पडून होते. ती आत गेली तेव्हा त्यांनी एक्स-रेचं पाकीट पुढं केलं. पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात वेळा लिहिल्या होत्या.

"सात चाळीसला पहिली निघते. स्वयंपाकघराच्या छपरावरून मोठ्या झाडावर, तिसऱ्या फांदीनं पलीकडे, तिथून उडी. आठ दहाला परत. मार्ग बदलत नाही. तुमची माळ फांदीला घट्ट बांधलीय ना, ती नेमकी तिच्या रस्त्यात येते. तिथंच तोंड घालते. लोंबत्या माळेकडे ढुंकूनही बघत नाही."

टेस्टरताई पाकिटाकडे बघत राहिली. फांदीला एकसारखे वेढे देऊन माळ चापून बसवायची, याचा तिला केवढा अभिमान होता. आणि तेच नडलं होतं! "म्हणजे त्यांच्या रस्त्यात मीच आडवी आले," ती म्हणाली.

आजोबा जरा घुटमळले. मग खाली बघत म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. रोज सकाळी खिडकीतून टोस्टचे तुकडे मीच टाकतो. त्यामुळेच त्या इतक्या येतात. मला भेटायला कुणी येत नाही हो. कुणीतरी वेळेवर येतंय, एवढंच बरं वाटायचं."

ती रागावली नाही. खिडकीतून तिनं बाहेर बघितलं. लांबच्या कुंपणाच्या भिंतीवर वायर नव्हती आणि खाटेवरून ती सरळ दिसत होती. "उद्यापासून टोस्ट तिथं," ती म्हणाली. "सिस्टर ठेवतील. तुम्ही वेळा लिहायच्या."

मग तिनं कंबर कसली. जाड वायर लोखंडी पाइपात घातली आणि पाइपाची दोन्ही तोंडं भांडी घासायच्या तारेच्या चोथ्यानं बंद केली. अंगणावरून एका गच्चीपासून दुसऱ्या गच्चीपर्यंत पोलादी तार ताणली, फांद्यांपासून चांगली हातभर लांब, आणि माळा तिच्यावरून खाली सोडल्या. पण खार तारेवरूनही चालते. त्यावर तिनं सलाइनच्या रिकाम्या बाटल्या धुऊन घेतल्या, बुडाला भोक पाडून तारेच्या दोन्ही टोकांना ओवल्या. पाय पडला की बाटली गरकन फिरायची.

संध्याकाळी साडेसहाला तिनं बटण दाबलं. अख्खं अंगण उजळलं आणि वॉर्डातून टाळ्या वाजल्या. ज्यांचे हात प्लॅस्टरमध्ये होते, त्यांनी खाटेच्या दांड्यावर ठकठक केलं. साहेब बाटल्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "हे चालेल कशावरून?"

"दुपारी खार दोन वेळा पडली, त्यावरून," ती म्हणाली. "लागलं नाही तिला. पण तिसऱ्यांदा आली नाही."

सुट्टीचे उरलेले अकरा दिवस एकही माळ विझली नाही. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ती आजोबांकडे जायची आणि दोघं भिंतीवर येणाऱ्या खारींच्या वेळा पडताळून बघायचे. सुट्टीच्या बाराव्या दिवशी आजोबा वॉकर धरून दारापर्यंत चालले आणि पुढच्या आठवड्यात घरी गेले. जाताना त्यांनी पाकीट तिच्या हातात ठेवलं, "पुढच्या साली नव्या माणसाला द्या. खिडकीजवळच्या खाटेवरच्याला."

सुट्टी संपली तशी ती माळा उतरवायला बसली. गुंडाळण्याआधी प्रत्येक माळ बोटांमधून वीतवीत सरकवून तपासली. इतकी वर्षं माळा पुठ्ठ्याच्या खोक्यांत ठेवायची पद्धत होती, ती तिनं मोडली होती; आता माळा झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत जाणार होत्या. सिस्टर शेजारी येऊन टेकल्या. "किती ठिकाणी चावलंय?"

"दोन."

"दोनच? वा!"

"वा काय? दोन म्हणजे दोन," टेस्टरताई म्हणाली. तिनं अंबाड्यातला टेस्टर काढून त्याच्या टोकानं त्या दोन्ही जागांवर खूण केली, शिडी उचलली आणि चावलेल्या माळा जिथं टांगल्या होत्या, तारेचं ते टोक पुन्हा एकदा बघायला गच्चीकडे निघाली.