खाल्ला तर बटाटा, लावला तर बेणं

जिल्ह्याच्या बातमीदाराकडं दोन प्रकारच्या गोष्टी साठतात. एक छापून आलेल्या, आणि दुसऱ्या संपादकांनी "हे राहू द्या, त्यांची जाहिरात आहे आपल्याकडं" म्हणून परत पाठवलेल्या. माझ्याकडं दुसऱ्या जास्त आहेत. कृषी प्रदर्शनाची बातमी मी न जाताही लिहू शकतो: 'प्रदर्शनास शेतकऱ्यांचा उदंड प्रतिसाद.' तो प्रतिसाद नेमका काय असतो, हे मात्र कुणी छापत नाही. म्हणून इथं सांगतो.

आमचं टोळकं तिघांचं. मी, माझ्याबरोबर फिरणारे फोटोग्राफर सलीमभाई, आणि झरीचे काशिनाथबापू. बापूंचं कापूस-सोयाबीनवर बरं चाललेलं आहे. पण त्यांना बटाटा लावायचा आहे. आमच्या भागात बटाटा फारसं कुणी करत नाही, त्यामुळं लावायचा बटाटा, म्हणजे बेणं, दुकानात मिळत नाही. ते मिळतं प्रदर्शनात. त्यासाठी बापूंनी विहिरीजवळची वीस गुंठे काळी जमीन राखून ठेवलेली. आणि नेमकी तीच जमीन त्यांच्या पत्नीला, गयाबाईंना, हळदीसाठी हवी आहे.

*

पहिल्या वर्षी आम्ही परभणीच्या प्रदर्शनात गेलो तर सगळे स्टॉल ताडपत्री ओढून बंद. मी संयोजकाला विचारलं, "आज पहिला दिवस ना?"

"हो, पण उद्घाटन झालं नाही. पाहुणे यायचेत."

फीत कापल्याशिवाय विक्री नाही, असा नियम. पाहुणे पहिल्या दिवशी आले नाहीत, दुसऱ्याही दिवशी नाहीत. बेण्याची पोती ताडपत्रीखाली उन्हात शिजत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे आले, फीत कापली, माईक हातात घेतला, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "इथं आल्याबरोबर मला काळ्या आईचा सुगंध आला."

तो सडलेल्या बटाट्याचा वास होता. मी तसं लिहिलं. छापून आला तो काळ्या आईचा सुगंध.

बापूंनी त्यातूनही पोतंभर निवडून आणलं. लावलं. काही उगवलं नाही.

*

दुसऱ्या वर्षी बापू शहाणे झाले होते. स्टॉलवाल्याला त्यांनी सरळ विचारलं, "मालक, ह्ये बेणं हाय का भाजीचा बटाटा?"

स्टॉलवाला म्हणाला, "बापू, ते तुमच्यावर हाय. खाल्ला तर बटाटा, लावला तर बेणं."

बापूंनी लावला. बटाटा जमिनीत महिनाभर पडून राहिला आणि उकरला तेव्हा जसाच्या तसा निघाला. माझं डोकं फिरलं. 'बेण्याच्या नावाखाली भाजीचे बटाटे' अशी बातमी लिहिली आणि या वेळी संपादक रजेवर असल्यामुळं ती आली. पहिल्या पानावर, फोटोसकट.

त्याचा परिणाम झाला. पुढच्या साली त्याच स्टॉलवर मोठा फलक लागला होता: 'वृत्तपत्रांनी दखल घेतलेले बेणे.' खाली माझ्याच बातमीचं कात्रण, काचेच्या फ्रेममध्ये. मथळा तेवढा झाकला होता.

*

त्या तिसऱ्या वर्षी समितीनं ठरवलं की पाहुण्यांना हार-तुरे द्यायचे नाहीत, रिबीन बांधून किलो-किलो बेणं द्यायचं. कल्पना उत्तम. पण पाहुणे इतके निघाले की चांगलं बेणं सत्कारातच संपायला लागलं. स्टॉलवर उरलं तेच, वृत्तपत्रांनी दखल घेतलेलं.

बापू मटकन खाली बसले. सलीमभाई म्हणाले, "बापू, रोते क्या? वो देखो, कुर्सी खाली है. फेटा बांधो और जाके बैठ जाव."

बापू गेले आणि बसले. सूत्रसंचालकानं क्षणभर पाहिलं, यादी पाहिली, आणि पुकारलं, "ज्येष्ठ मार्गदर्शक." शाल मिळाली, नारळ मिळाला, रिबीन बांधलेलं किलोभर बेणं मिळालं. वर आग्रह झाला की दोन शब्द बोला.

बापू माईकसमोर उभे राहिले आणि पिशवी वर धरून म्हणाले, "ह्ये कोणत्या जातीचं हाय, कोणी सांगंल का?"

मंचावरचे पाहुणे एकमेकांकडं पाहायला लागले. मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

बापूंनी पिशवी घरी नेऊन देवळीत ठेवली आणि मला घेऊन रानात गेले. संध्याकाळी परतलो तर ताटात बटाट्याची भाजी. शाल-नारळाबरोबर आलेली वस्तू म्हणजे प्रसाद, आणि प्रसाद घरात शिळा ठेवायचा नसतो. गयाबाईंनी नारळ फोडला, भाजी केली आणि चार घरी वाटलीसुद्धा.

बापू काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "तीन सालं झाली. पुढल्या साली बटाटा निघाला न्हाई तर ईस गुंठे माझी. मी हळद लावीन." मग माझ्याकडं वळल्या. "भाऊ, तुमी पेपरवाले ना? ल्हून घ्या."

मी वहीत लिहून घेतलं. त्यांनी ते मोठ्यानं वाचायला लावलं.

*

चौथ्या वर्षी आम्ही जिंतूरचं प्रदर्शन गाठलं. तिथं एका म्हाताऱ्या माणसाकडं खरंखुरं बेणं सापडलं, बोटाच्या पेराएवढे कोंब आलेलं. त्यानं बजावलं, "खाली आपटू नका. कोंब मोडला की संपलं."

एसटीत बापूंनी टोपली शेजारच्या सीटवर ठेवली आणि तिच्यावर शाल पांघरली. सत्कारातलीच. कंडक्टर आला.

"ही सीट कोणाची?"

"ह्याची," बापू म्हणाले.

"तिकीट?"

"चार म्हैन्याचा हाय हो."

कंडक्टरनं शाल उचलून पाहिली. अर्धं तिकीट फाडून हातात दिलं. तेवढ्यात एक म्हातारी समोर उभी राहिली. "उचला ती टोपली, बसू द्या मला." मग तिनंही शाल उचलून पाहिली, कोंबांवरून अलगद बोट फिरवलं आणि शाल परत नीट झाकली. "कवळं हाय. ऱ्हाऊ द्या," म्हणाली, आणि झरीपर्यंत उभीच राहिली.

फेब्रुवारीत बापूंच्या वीस गुंठ्यांत बटाटा निघाला. चांगला निघाला. खुद्द गयाबाईंनी उकरला. सुतळी संपली तेव्हा जुन्या लुगड्याचा हिरवा काठ फाडून पोत्यांची तोंडं बांधली. एक व्यापारी आला आणि शीतगृहात ठेवायला सगळा माल विकत घेऊन गेला.

बापू मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "आता काय म्हन्ता?"

"एक साल कोणाचंबी पिकतं," गयाबाई म्हणाल्या. "पुढल्या साली पुन्हा काढून दावा. मंग जमीन तुमची, मी हळदीचं नाव घेणार न्हाई. पर बेणं आणाया मी संगं येणार."

*

तर हे यंदाचं. परभणीचं प्रदर्शन, आम्ही तिघं आणि गयाबाई. एका नव्या स्टॉलवर फलक होता: 'थंड हवेच्या डोंगराळ भागातून थेट.' खाली पोत्यांची थप्पी. गयाबाई थप्पीजवळ गेल्या आणि थांबल्या. पोत्यांच्या तोंडाला हिरवे काठ बांधलेले होते.

त्यांनी बापूंना बोट दाखवलं. बापूंनी पाहिलं, मी पाहिलं. मी वही काढली. म्हटलं, आता याला सोडत नाही. बापूंनी माझा हात दाबला. "गप ऱ्हावा. हितं पयल्यांदाच खात्रीचं बेणं दिसायलंय."

स्टॉलवाला पुढं आला. "घ्या माऊली. तिथं धुकं असतंय, दव असतंय. पिकवणारा साधा शेतकरी न्हाई, तज्ज्ञ माणूस हाय. त्याचं आयुष्य बटाट्यात गेलंय."

बापू ताठ उभे राहिले. हळूच मला म्हणाले, "आता ल्हा. ह्ये छापा."

गयाबाईंनी विचारलं, "उगवंल का पर?"

"शंभर टक्के."

"आन् न्हाई उगवलं तर?"

"तर जबाबदारी पिकवणाऱ्याची. आमची न्हाई."

गयाबाईंनी मान वळवून बापूंकडं शांतपणे पाहिलं. मग स्टॉलवाल्याला म्हणाल्या, "दोन पोती द्या. आन् आत्ता बोललाव तेवढं कागदावर ल्हून द्या."

त्यानं बिलाच्या मागं लिहून दिलं: न उगवल्यास जबाबदारी पिकवणाऱ्याची. खाली सही केली, शिक्का मारला. गयाबाईंनी कागद उलटसुलट पाहिला, माझ्यापुढं धरला आणि अंगठ्यानं जागा दाखवली.

साक्षीदार म्हणून तिथं माझी सही आहे.