वरच्या बांध्या

आज सुनेनं देवापुढे कापूर लावला आणि त्या वासासरशी मला पेरू देशातला तो डोंगर आठवला. पंधरा वर्षांपूर्वी मुलानं आम्हा नवराबायकोला इंका लोकांची जुनी नगरी पाहायला नेलं होतं. विरळ हवेत हुंगायला हिनं रुमालात कापूर बांधून घेतला होता. ही लाखांदूरकडच्या धानकऱ्याची लेक. उतारावरची पायऱ्यापायऱ्यांची दगडी शेतं पाहून ती हरखलीच.

"अवो, ह्या तं आपल्या धानाच्या बांध्याच! एवढ्या वर पानी कसं नेलं असन? चला, पाहू."

ती भराभर चढू लागली. मी खाली दरीत पाहिलं आणि माझे पाय लटपटले.

"काय झालं, बाबा?" मुलानं विचारलं.

"तुह्या आईले दम लागून राहिला. उतरू आपण."

तिनं माझ्या पायांकडे पाहिलं, पायरीवर बसली आणि धापा टाकू लागली. "हो रे, मले नाही जमत."

पुढे माझा भाऊ तिला चिडवायचा, "वहिनी, रोवणीत सगळ्यायच्या पुढं, अन् पायऱ्यायले भ्याल्या?" ती हसायची. मीही हसायचो. मुलानं मात्र तिला पुन्हा कुठल्याच डोंगरावर नेलं नाही.

आता ती नाही. दम तिला लागला नव्हता. मी भ्यालो होतो.